थंडीत विगखालचं डोकं: ओलावा रात्री, कोरडेपणा दिवसा

आपल्याकडच्या थंडीची गंमत अशी की ती दिवसभर टिकत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाड, नाशिक, नागपूरकडे पहाटे पारा 10 अंशांच्या खाली उतरतो आणि दुपारी त्याच गावात स्वेटर काढून ठेवावा लागतो. विग घालणाऱ्याच्या डोक्याला एकाच दिवसात दोन ऋतू भेटतात. पहाटेची कोरडी हवा त्वचेतलं पाणी ओढते, दुपारी विगखाली घाम साचतो. डोकं ओढल्यासारखं वाटतंय म्हणून सकाळी तेल चोपडायचं आणि वर विग चढवायचा, ही यातली सर्वांत मोठी चूक. तेल आणि घाम दोन्ही आत कोंडतात, आठवडाभरात पुटकुळ्या येतात. ओलावा रात्री द्यायचा, दिवसा डोकं कोरडं ठेवायचं.

आधी ओळखा: कोरडी त्वचा की कोंडा?

विग काढून काळ्या कापडावर मान खाली घाला आणि बोटांच्या पेरांनी डोकं हलकेच चोळा. बारीक, पांढरा, सुका भुसा पडला आणि अंघोळीनंतर त्वचा ताणल्यासारखी होत असेल, तर तो कोरडेपणा. पापुद्रे पिवळसर, तेलकट, नखाला चिकटणारे असतील आणि भुवयांत किंवा नाकाच्या कडेलाही तसंच दिसत असेल, तर तो कोंडा. या दोघांचे उपाय उलटे आहेत. कोंड्यामागची बुरशी (मॅलॅसेझिया) त्वचेवरच्या तेलावरच जगते. त्यामुळे ‘तेल लावलं की कोंडा जातो’ हा घरोघरचा सल्ला इथे नडतो. तेलाने पापुद्रे फक्त खाली बसतात, खाज दोन दिवसांनी परत येते.

कोंड्यासाठी 2 टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावा. फेस 3 ते 5 मिनिटं डोक्यावर राहू द्या. लगेच धुतलात तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. लिंबू, कापूर घातलेलं खोबरेल, शिकेकाईची भरड यांपैकी काहीही विगखालच्या नाजूक त्वचेला लावू नका.

धुणं आणि रात्रीचा ओलावा

केस नसले तरी त्वचा तेल आणि घाम सोडतेच, म्हणून डोकं आठवड्यातून दोन-तीनदा धुवायचंच. पाणी कोमट हवं. कोपर बुडवून पाहा, चटका तर सोडाच, ‘छान गरम’ वाटलं तरी ते जास्त आहे. कडकडीत पाण्याने त्वचेवरचं उरलंसुरलं तेलही निघून जातं. बिनवासाचा सौम्य शाम्पू एक चमचा घ्या, मगभर पाण्यात कालवून वापरा आणि नखं न लावता धुवा. पंचा घासू नका, नुसता दाबून टिपा.

त्वचा किंचित ओलसर असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, अर्धा चमचा लोशन लावा. ग्लिसरीन, सिरामाइड किंवा 5 टक्के युरिया असलेलं चालेल. भेगा पडल्या असतील तर युरिया झोंबतो, तिथे पेट्रोलियम जेलीचा पातळ थर बरा. कानांमागे आणि मानेच्या वर, जिथे विगची पट्टी टेकते, तिथे विसरू नका. डोकं धुवायचं नसेल त्या रात्री ओल्या फडक्याने पुसून मग लोशन लावा.

झोपताना विग काढाच. उघड्या डोक्याला रात्री गारठा जाणवतो, त्यासाठी विकतच्या लोकरी टोपीपेक्षा जुन्या सुती बनियनची टोपी सरस. डोक्याचा घेर 54 सेंमी असेल तर बनियनच्या पोटाचं कापड 50 सेंमी रुंद आणि 28 सेंमी उंच कापा. बाजू शिवून नळी करा, वरचं तोंड दोऱ्याने चुण्या घालून आवळा. ताण पडला की होजिअरी बरोबर बसते. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवा. आत राहिली तर रात्रभर एकाच रेषेवर घासते आणि सकाळी तिथे लाल वळ दिसतो.

सकाळी

ओल्या फडक्याने लोशन पुसा, डोकं टिपा आणि दहा मिनिटं उघडं ठेवा. टिश्यू पेपर डोक्यावर दाबून पाहा. कागदावर पारदर्शक डाग उमटला तर अजून तेल आहे, परत पुसा. मग सुती किंवा बांबूच्या धाग्याची आतली टोपी आणि त्यावर विग. आतल्या टोप्या निदान पाच हव्यात, कारण थंडीत त्या लवकर वाळत नाहीत आणि दमट टोपी घालण्यात अर्थ नाही. एक पर्समध्ये ठेवा, दुपारी जेवणाच्या सुट्टीत घाम टिपून बदला. एवढ्या एका सवयीने खाज बरीच कमी होते.

हेअर पॅच (टक्कल पडलेल्या भागावर टेप किंवा गोंदाने बसवतात तो केसांचा तुकडा) चिकटवणाऱ्यांनी लोशन टेप बसते त्या कडेवर लावू नये, टेप धरत नाही. ‘थंडीत घाम कमी, मग सर्व्हिसिंग (पॅच काढून, साफ करून परत चिकटवणं) दोन महिन्यांनी करू’ असं बरेच जण करतात. घाम कमी आला तरी पापुद्रे गोंदाखाली साठतच राहतात. सर्व्हिसिंग नेहमीसारखं तीन-चार आठवड्यांनीच करा. टेप ओढून काढू नका. कडेला रिमूव्हर सोडा, तो मुरू द्या, टेप आपोआप सुटेल. त्या रात्री पॅच परत बसवू नका. नवा गोंद आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून 48 तास पाहा.

केमोथेरपी चालू असताना

केस साधारण पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात आणि त्या सुमारास डोकं हुळहुळं होतं, उशीचा स्पर्शही नकोसा वाटतो. या दिवसांत विग दोन-तीन तासच घाला, बाकी वेळ सुती स्कार्फ बरा. केस गेल्यावर डोक्याचा घेर थोडा कमी होतो. मानेमागचे हूक एक घर आत घ्या, पण पट्टीखाली बोट सरकलं पाहिजे. औषधी शाम्पू किंवा क्रीम डॉक्टरांना विचारूनच. डोक्याला रेडिएशन चालू असेल तर साधं लोशनही विचारल्याशिवाय नको.

बाहेर पडताना

माकडटोपी थेट विगवर घातली की मानेजवळच्या केसांचा तासाभरात गुंता होतो. टोपीला आतून सॅटिनचं अस्तर लावून घ्या. सिंथेटिक केस कोरड्या हवेत अंगाला चिकटतात. त्यासाठी एक भाग फॅब्रिक कंडिशनर, दहा भाग पाणी, हा फवारा फक्त केसांच्या टोकांवर मारा, जाळीवर नको. शेकोटी, बंब, ओव्हनचं दार आणि फोडणीची कढई यांपासून सिंथेटिक विग लांब ठेवा. एका झळेने पुढच्या बटा आखडतात आणि त्या परत सरळ होत नाहीत.

डॉक्टरांकडे कधी?

पट्टीचा साधा वळ विग काढल्यावर तासाभरात जातो. जो जात नाही, खाजतो आणि पट्टीच्या बाहेर पसरतो, तो ॲलर्जीचा असू शकतो. मग तो गोंद किंवा ती टोपी बंदच करा. पू असलेल्या पुटकुळ्या, गोल चट्टा आणि त्यात तुटलेले केस (गजकर्णाची खूण), ओली जखम, यांत घरगुती प्रयोग नकोत. केमो चालू असताना ताप 38 अंश सेल्सिअसला गेला तर रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करा.

बुरशीचं किंवा पुटकुळ्यांचं निदान झालं तर आतल्या सगळ्या टोप्या, रात्रीची टोपी आणि उशीचा अभ्रा गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. विग मात्र गार पाण्यात धुवा आणि सावलीत स्टँडवर ठेवा. थंडीत तो वाळायला पूर्ण दिवसही लागतो. आतली जाळी बोटाला गार लागली तर ती अजून ओली आहे.