परदेशातून कुरिअरने माल: बिल कुठे फुगतं आणि कसं आवरायचं

नागपूरजवळच्या हिंगण्यातल्या किंवा बुटीबोरीतल्या वर्कशॉपसाठी जर्मनीहून पंप किंवा चीनहून सेन्सर मागवला, की माल पोचायच्या आधी कुरिअरचा मेसेज येतो: अमुक रक्कम भरा. या रकमेत दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक सरकारी ड्युटी. ती भरायचीच. दुसरी कुरिअर कंपनीची स्वतःची आकारणी: ड्युटी आगाऊ भरल्याचा चार्ज, साठवणुकीचं भाडं, जादा ओळींचा चार्ज (इनव्हॉइसवर वस्तूंच्या ओळी ठरावीक संख्येपेक्षा जास्त असतील तर), पत्ता दुरुस्तीचा चार्ज, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. ही दुसरी बाजू बरीचशी तुमच्या हातात आहे, पण विक्रेत्याने पार्सल कुरिअरकडे देण्याआधीच.

सुरुवात इनव्हॉइसपासून करा. कस्टम्स ड्युटी नुसत्या मालाच्या किमतीवर लागत नाही. त्यात वाहतूक आणि विमा मिळवून लागते. वाहतूक खर्च कागदावर दिसला नाही, तर नियमाप्रमाणे मालाच्या किमतीच्या २० टक्के वाहतूक आणि १.१२५ टक्के विमा धरला जातो. समजा माल ₹५०,००० चा आहे आणि प्रत्यक्ष वाहतूक ₹२,००० आहे. इनव्हॉइसवर ती ओळ नसेल तर ₹१०,००० धरले जातील. बेसिक ड्युटी ७.५ टक्के, तिच्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि हे सगळं मिळवून येणाऱ्या किमतीवर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) असेल, तर एकूण बोजा २७.७३५ टक्के होतो. म्हणजे एक ओळ राहिली म्हणून ₹८,००० वर सुमारे ₹२,२१९ जादा गेले. उलटही होतं: किमतीत वाहतूक आधीच धरलेली असते, पण तसं लिहिलेलं नसतं, आणि ती पुन्हा मिळवली जाते. म्हणून मालाची किंमत, वाहतूक आणि विमा वेगवेगळ्या ओळींत मागा आणि व्यवहाराची अट (एफओबी म्हणजे पुढची वाहतूक किमतीत नाही, सीआयएफ म्हणजे वाहतूक आणि विमा धरून, डीएपी म्हणजे पत्त्यापर्यंतची वाहतूक धरून पण ड्युटी वगळून) इनव्हॉइसवर लिहून घ्या.

मालाचं वर्णनही तितकंच महत्त्वाचं. नुसतं ‘मशीन पार्ट्स’ लिहिलं की पार्सल होल्डवर जातं, खुलासा मागतात आणि भाडं सुरू होतं. ‘हायड्रॉलिक गिअर पंप, मॉडेल अमुक, नग २, जर्मनीत बनलेला, एचएस कोड ८४१३६०’ असं स्पष्ट हवं. एचएस कोड म्हणजे मालाचा कस्टम्समधला वर्गीकरण क्रमांक; त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. भारतातला आठ आकडी कोड आपल्या सल्लागाराकडून आधीच ठरवून ठेवा. फुकट नमुना असला तरी त्याची खरी किंमत लिहावी लागते. शून्य किंमत पाहिली की अधिकारी प्रश्न विचारणारच. किंमत कमी दाखवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यात माल जप्त होऊ शकतो आणि दंडही बसतो.

नागपूरला येणारी बहुतेक आंतरराष्ट्रीय कुरिअर पार्सलं मुंबई, दिल्लीसारख्या ठिकाणी कस्टम्समधून सुटतात आणि मग इकडे येतात. मोफत साठवणुकीचे दिवस तिथे माल उतरल्यापासून धावू लागतात, नागपूरच्या गोदामात पोचल्यापासून नव्हे. त्यामुळे केवायसी, जीएसटी क्रमांक आणि कुरिअरने तुमच्या वतीने माल सोडवावा यासाठीचं अधिकारपत्र ट्रॅकिंग नंबर मिळाला त्याच दिवशी कुरिअरकडे पाठवा. धंद्यासाठी आयईसी (आयात-निर्यात कोड) लागतो; फी ₹५०० आणि तो पॅनशी जोडलेला असतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती ऑनलाइन तपासून नोंदवावी लागते, मग बदल काहीही नसो. हे राहिलं की कोड निष्क्रिय होतो आणि माल मधेच अडकतो. स्वतःच्या वापरासाठी आणलेल्या वस्तूला आयईसीची गरज नसते. पण भेटवस्तू म्हणून ₹५,००० पर्यंत जी सूट होती, ती डिसेंबर २०१९ मध्ये गेली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी अपवाद आहेत.

एअरवे बिलावर (पार्सलसोबतच्या वाहतुकीच्या कागदावर) वाहतुकीचे पैसे कोण देणार आणि ड्युटी कोण भरणार, हे दोन वेगळे रकाने असतात. विक्रेता ‘शिपिंग फ्री’ म्हणतो ते फक्त पहिल्याबद्दल. ड्युटी तुमच्याकडे असेल, तर कुरिअरने ती आगाऊ भरून चार्ज लावण्याआधी लिंकवरून स्वतः भरता येते का, हे विचारून घ्या. नेहमी माल येत असेल तर कुरिअर कंपनीकडे खातं उघडणं परवडतं.

बॉक्सचं मापही विचारा. मोठ्या एक्स्प्रेस कंपन्या लांबी × रुंदी × उंची (सेंमी) भागिले ५,००० असं आकारमानी वजन काढतात. ४० × ४० × ४० च्या खोक्यात ४ किलोचा माल असला तरी वजन १२.८ किलो धरतात. तोच माल ३० × २५ × २० च्या खोक्यात बसला, तर आकारमानी वजन ३ किलो येतं आणि प्रत्यक्ष ४ किलोचेच पैसे लागतात. ऑर्डरचे तुकडे करून चार पार्सलं मागवण्यात सहसा तोटाच, कारण प्रत्येकावर किमान चार्ज वेगळा. एकाच कोडच्या वस्तू इनव्हॉइसवर एकत्र गटात लावल्या, तर जादा ओळींचा चार्जही वाचू शकतो.

माल हातात आला की बिल ऑफ एन्ट्रीची (कस्टम्सकडे दाखल केलेल्या आयातीच्या कागदाची) प्रत मागाच. कुरिअरच्या बिलातली ड्युटी त्यातल्या आकड्याशी ताडून पाहा. त्यावर तुमच्या फर्मचं नाव आणि जीएसटी क्रमांक बरोबर नसेल, तर आयजीएसटीचं क्रेडिट अडकतं. फरक कुरिअरच्या चार्जमध्ये असेल तर तक्रार त्यांच्याकडे लेखी करा. ड्युटीच जादा गेली असेल तर आधी बिल ऑफ एन्ट्री दुरुस्त करून घ्यावी लागते, मग कस्टम्सकडे परताव्याचा अर्ज, आणि त्याची मुदत सर्वसाधारणपणे ड्युटी भरल्यापासून एक वर्ष.