सिम्युलेशनवर प्रबंध करणार असाल, तर विषय असा निवडा

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या एम.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी उभ्या केलेल्या प्रसंगातून सराव, म्हटलं की एकच विषय सुचतो: शिकवण्याआधी चाचणी, नंतर चाचणी, गुण वाढले. पण काहीही शिकवून लगेच परीक्षा घेतली तर गुण वाढणारच. 2014 साली अमेरिकेत एनसीएसबीएन या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय संस्थेच्या मोठ्या अभ्यासात निम्म्यापर्यंत क्लिनिकल (प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे) तास सिम्युलेशनने भरले, तरी विद्यार्थ्यांच्या तयारीत लक्षणीय फरक पडला नाही. मात्र तिथे शिक्षक प्रशिक्षित होते आणि डीब्रीफिंग, म्हणजे प्रसंगानंतरची चर्चा, ठरलेल्या पद्धतीने होत होतं. म्हणून आता संशोधक विचारतात, डीब्रीफिंग कसं झालं आणि शिकलेलं किती दिवस टिकलं?

महागडं मॅनिकिन (सरावाचा रुग्ण-पुतळा) नाही म्हणून अडून राहू नका. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावासाठी मामानॅटली हे साधन पोटावर बांधून माणूसच रुग्ण होतो, आणि तो बोलतो. आपल्याकडे ही मोठीच सोय आहे. बाळंतीण कन्नड बोलते, सोबतची सासू मराठी, आणि नर्सला दोघींकडून माहिती काढून डॉक्टरांना एसबीएआर पद्धतीने (परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस या क्रमाने) कळवायची आहे. सीमाभागातल्या वॉर्डात हे रोज घडतं, त्यामुळे यावर प्रबंध व्हायलाच हवा.

एका गटात चार-पाच जणच घ्या. दहा मिनिटं ब्रीफिंग (आधीची माहिती), पंधरा मिनिटं प्रसंग, त्याच्या दुप्पट वेळ डीब्रीफिंग. वेळ संपत आली की कात्री नेमकी डीब्रीफिंगलाच लागते. मग शिक्षक चुकांची यादी वाचतात आणि मुली माना डोलावतात. 'त्या क्षणी तुला काय वाटलं म्हणून तू तसं केलंस?' हा प्रश्न राहूनच जातो, आणि खरं शिकणं त्या उत्तरात असतं.

मोजमाप फक्त प्रश्नावलीने करू नका. चेकलिस्ट वापरा. दोन निरीक्षकांनी वेगवेगळे गुण द्यावेत, कोण सिम्युलेशनच्या गटातला आणि कोण ते न मिळालेल्या तुलनेच्या गटातला हे त्यांना कळू देऊ नका, आणि दोघांचं कितपत जुळतं ते कापा (kappa) या सांख्यिकी मापाने काढा. तीच चाचणी सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा घ्या.

सगळ्यात जास्त घोळ हॉस्टेलमध्ये होतो. सकाळच्या गटाने पाहिलेला प्रसंग रात्री जेवताना तुलनेच्या गटाला कळतो आणि फरक पुसला जातो. शक्य असेल तर दोन वेगळ्या कॉलेजांचे गट घ्या. पण मग दोन्हीकडचे आधीचे गुण तपासून घ्यावे लागतात. तुलनेच्या गटालाही शेवटी तेच सिम्युलेशन द्या. प्रस्तावात हे आधीच लिहिलं, तर एथिक्स कमिटीचा एक प्रश्न कमी होतो.