ऑफिसातलं फायर डोअर कामाचं आहे का, कसं बघायचं

पणजीत पाटोवरच्या आमच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावरचं जिन्याचं फायर डोअर (आग नि धूर अडवणारं दार) दिवसभर सताड उघडं, खाली चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, तुकडा लावलेला, का तर चहावाल्याचे दोन्ही हात ट्रेत अडकलेले असतात. आग राहू दे, नुसता धूर जिन्यात शिरला तरी वरचे सगळे अडकले.

तर आधी तो चिरा काढा. दार पूर्ण उघडून सोडून द्या, मग फक्त वीतभर उघडून सोडा. दोन्ही वेळा आपोआप लागून लॅच टक्कन बसला पाहिजे. वीतभरवाल्यात बरीच दारं नापास होतात, कधी क्लोजरचं, म्हणजे दार आपोआप लावणाऱ्या वरच्या यंत्राचं, तेल गळलेलं असतं (खाली ओघळ दिसतो), कधी आपल्या खाऱ्या हवेनं बिजागऱ्या गंजून दार खाली बसलेलं असतं. लाकडी दाराची आणखी गंमत, पावसात फुगून घासायला लागलं की कोणीतरी सुताराकडून रंधा मारून घेतो नि ऑक्टोबरात वाळलं की ही मोठी फट!

फट मोजायला हल्लीची १ रुपयाची दोन नाणी एकावर एक धरा, साधारण ३ मिमी होतात. बाजूला नि वर यापेक्षा फार सैल नको. तिथंच कडेला खाचेत एक पट्टी असते, तापली की फुगून फट बुजवणारी. ती तुटलेली, उपटलेली किंवा रंगाखाली गाडलेली असेल तर बदलून घ्या.

बिजागरीच्या कडेला लेबल शोधा, किती मिनिटांचं दार, म्हणजे आग किती वेळ अडवतं, ते त्यावर असतं. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ प्रमाणे जिन्याचं दार १२० मिनिटांचं लागतं, रुंदी निदान १ मीटर, उघडणार बाहेर पडायच्या दिशेनं. लेबलच नाही तर बिल्डिंगवाल्यांकडे टेस्ट सर्टिफिकेट मागा, आयएस ३६१४ चं (फायर डोअरचं भारतीय मानक). वायर ओढायला दारात नंतर पाडलेली भोकंही बघा, आमच्याकडे बायोमेट्रिकवाल्यानं दोन पाडलीत.

आतून चावी न लावता दार उघडलंच पाहिजे. मॅग्नेटिक लॉक असेल तर अलार्म टेस्टच्या वेळी स्वतः उभं राहून बघा सुटतो का, वॉचमनच्या 'सुटतो हो' वर जाऊ नका.

आणि चहावाल्याचं? दार उघडं धरणारा मॅग्नेट मिळतो, अलार्म वाजला की दार सोडून देतो. आम्ही तोच मागितलाय, तोवर चिरा माझ्या टेबलाखाली.