नको असलेली भेटवस्तू पुढे कशी द्यावी

वास्तुशांत किंवा लग्न आटोपलं की घरात दोन-तीन लेमन सेट, तितकीच भिंतीवरची घड्याळं, एकाच मापाचे स्टीलचे डबे आणि मोजता येणार नाहीत इतके ब्लाउजपीस जमतात. त्यातलं सगळं काही वापरात येत नाही. उरलेलं पुढे देण्यात गैर काहीच नाही. पण ज्यानं दिलं त्याचं मन दुखावू नये आणि ज्याला देतो त्याला उरलंसुरलं दिल्यासारखं वाटू नये, एवढी काळजी घ्यायलाच हवी.

आहेर आल्या दिवशीच नोंद करा

सगळी पुढची गडबड या एका कंटाळ्यातून होते. वेष्टन काढतानाच वहीत तीन गोष्टी लिहा: वस्तू, देणाऱ्याचं नाव, प्रसंग. मग छोट्या चिठ्ठीवर तेच लिहून ती वस्तूच्या पिशवीत टाका. चिकटपट्टीनं खोक्यावर लावू नका, काढताना छपाई सोलून निघते. सहा महिन्यांनी चार सारख्या खोक्यांतलं मामींचं कुठलं आणि शेजारच्यांचं कुठलं हे कुणालाच आठवत नाही, आणि नेमका मामींचा सेट मामींच्याच सुनेच्या डोहाळजेवणाला जातो.

याच वेळी देणाऱ्याला फोन करून किंवा मेसेज पाठवून मनापासून आभार माना. वस्तू ठेवणार नसलात तरीही.

काय द्यायचं, काय नाही

नाव घातलेली भांडी पुढे देता येत नाहीत. मशीननं टिंब-टिंब करून कोरलेलं नाव आणि तारीख घासून जात नाही. हातानं विणलेलं, भरतकाम केलेलं, कुणाच्या आजीच्या पेटीतून आलेलं काहीही बाहेर जाऊ देऊ नये. नको असेल तर ते देणाऱ्याच्याच घरच्या कुणाला तरी, त्यांना सांगून द्यावं. फॉल-बिडिंग झालेली किंवा एकदा नेसलेली साडी आहेर म्हणून चालत नाही. बहिणीला, जावेला ‘नेसणार असशील तर घे’ असं म्हणून खुशाल द्या.

ओटीतले खण-नारळ दुसऱ्याच्या ओटीत घालणं काही घरांत चालत नाही, आपल्या घरची रीत आधी विचारून घ्या.

खाण्याचे पदार्थ हा वेगळाच विषय आहे. खव्याची, छेन्याची मिठाई दोन-चार दिवसांत खराब होऊ लागते, त्यामुळे ती आली त्या दिवशीच वाटा, नाहीतर घरीच संपवा. बंद पाकिटातला सुकामेवा देता येतो, पण खोका उघडून आतल्या प्रत्येक पाकिटावरची तारीख बघा. निदान महिनाभर मुदत उरलेली हवी. एका घरचा फराळ दुसऱ्या घरी भेट म्हणून पाठवू नका. चकलीच्या काट्यांवरून आणि करंजीच्या मुरडीवरून करणारीचा हात ओळखणाऱ्या बायका सगळीकडे असतात.

देण्याआधी खोका पूर्ण उघडा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची. घड्याळ उलटं करून मागची बाजू बघा, तिथे मार्करनं ‘सप्रेम भेट’ आणि नावं लिहिलेली असतात. लेमन सेटमध्ये जग आणि पेले बाहेर काढून मोजा, उजेडात धरून चीर गेली आहे का ते पाहा. पुठ्ठ्याच्या दोन थरांमध्ये किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला शुभेच्छापत्र अडकलेलं असतं, आणि कधी त्यात पाकीटही असतं. पुस्तकाचं पहिलं पान उलटून बघा. लिहिलेलं पान फाडून पुस्तक देऊ नये, फाटलेली कड लगेच दिसते. असं पुस्तक भेट म्हणून न देता वाचनालयाला द्या.

किंमतीच्या स्टिकरचा चिकटपणा राहिला तर खोबरेल तेलाचं बोट लावून दहा मिनिटांनी कपड्यानं पुसा. हे काचेवर आणि स्टीलवर चालतं. पुठ्ठ्यावर मात्र तेलाचा डाग पडतो.

साडी असेल तर ती पूर्ण उलगडा. वर्षभर एकाच घडीत राहिलेल्या रेशमी साडीला घडीवर चीर जाते आणि जरीला काळसरपणा येतो. डांबर गोळ्यांचा वास येत असेल तर दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर टाका आणि वेगळी घडी घाला. प्रेशर कुकर न वापरता पडून राहिला तरी त्याचं रबर कडक होतं. रिंग वाकवून बघा, ताठ किंवा चिरलेली वाटली तर त्याच कंपनीची नवी आणून घाला. मिक्सर, इस्त्रीसारख्या वस्तूंची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात. बिल नसेल तर घेणाऱ्याला तसं आधीच सांगून टाका.

शेवटी जुना रंगीत कागद आणि जुनी पिशवी काढून टाका. पिवळी पडलेली चिकटपट्टी सगळं सांगून जाते.

कुणाला, कधी

एकाच गोतावळ्यात वस्तू फिरवू नये. माहेरकडून आलेलं सासरकडे, नातेवाइकांकडून आलेलं ऑफिसात, असं अंतर ठेवा. जिथून आलं त्या घरची माणसं त्याच समारंभाला असणार असतील तर ती वस्तू त्या दिवशी नेऊ नका. देणारी व्यक्ती एकदा तरी घरी येऊन जाईपर्यंत थांबलेलं बरं.

आणि निवड करताना एकच कसोटी लावा: ही वस्तू दुकानात दिसली असती तर याच माणसासाठी विकत घेतली असती का? उत्तर ‘नाही’ असेल तर ती भेट नाही. मग उघडपणे विचारा, ‘आमच्याकडे दोन झालेत, तुम्हाला उपयोग आहे का?’ जवळच्या माणसांत हाच मार्ग सर्वांत चांगला, आणि त्यांना नाही म्हणायची मोकळीकही राहते.

घरकाम करणाऱ्या ताईंना किंवा वॉचमनना देताना विशेष जपा. चार दिवसांची मिठाई, तुटका संच त्यांच्या हातात ठेवणं हा अपमान आहे. चांगली वस्तू द्या, विचारून द्या, आणि दिवाळीच्या बोनसमध्ये ती धरू नका.

मुलांच्या वाढदिवसाला आलेले तेच-ते खेळ मुलाला विचारूनच पुढे द्या. न विचारता दिले तर पार्टीत तेच मूल सगळ्यांदेखत सांगतं की हा माझा होता.

देणाऱ्यानं विचारलंच तर

‘ती साडी नेसलीस का?’ असा प्रश्न आला की ‘आहे कपाटात’ म्हणू नका, पुढच्या सणाला तीच नेसायचा आग्रह होतो. सरळ सांगा: ‘मावशी, तो रंग माझ्याकडून नेसला जात नव्हता. भाचीला फार आवडली, तिला दिली.’ कुणाच्या तरी अंगावर शोभते आहे हे ऐकून बहुतेकांचा राग उरत नाही. चुकून मूळ मालकाकडेच वस्तू परत गेली तर सारवासारव न करता त्याच दिवशी माफी मागा.

कुणालाच न खपणारं

नाव घातलेलं स्टील, तांबं, पितळ भांड्यांच्या दुकानात मोडीत निघतं, त्या बदल्यात लागणारं भांडं घ्या. सत्कारात मिळालेल्या शाली थंडीआधी वृद्धाश्रमाला द्याव्यात, पण आधी फोन करून काय हवं आहे ते विचारा. अनेकदा त्यांना शालीपेक्षा चादरी हव्या असतात.