मकावला पिंजरा नको, पडवीचा कोपरा द्या

निळा-पिवळा मकाव चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ तीन फूट भरतो आणि पंख उघडले की तीन फुटाच्या वर, त्यामुळे दुकानात "मोठ्या पोपटाचा" म्हणून दोन बाय दोनचा पिंजरा दाखवतात त्यात त्याला धड पंखही पसरता येत नाहीत. आमचा बंड्या मुंबईच्या मावशीकडून आला, तिला लहान जागेत जावं लागलं आणि आमचं गुहागरजवळचं घर चिऱ्याचं, समोर लांब पडवी. चांगल्या मोठ्या पिंजऱ्याच्या किमती ऐकून पोटात गोळा आला. मग बाबा म्हणाले, अगं पडवीच्या टोकाला दोन भिंती आयत्या आहेत, उरलेल्या दोन बाजूच बंद करायच्यात ना? तिथून सगळं सुरू झालं.

आधी एक गोष्ट. हे सगळं परदेशी पोपटांसाठी आहे. आपल्याकडचा राघू, कीर घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, पिल्लू कोणी आणून दिलं तरी वनखात्याला कळवा, पाळू नका. मकावसारख्या परदेशी पक्ष्याचीही २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. मावशीकडून पक्षी घेताना आम्ही आधी कागद घेतले मग पक्षी, तुम्हीपण तसंच करा.

आता जागा. आमचा कोपरा आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद आहे. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण पोपट आडवा उडतो, उंच अरुंद पिंजऱ्यात तो नुसता चढ-उतार करत बसतो. पावसाची झड आपल्याकडे पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येते, तेव्हा जाळीची मोकळी बाजू पूर्वेला किंवा उत्तरेला येईल असा कोपरा निवडा. आणि आंघोळीच्या पाण्याची चूल जवळ असेल तर तो कोपरा सोडूनच द्या. पक्ष्याची फुफ्फुसं फार नाजूक, चुलीचा धूर, डासांची कॉइल, धूप काहीच नको, आणि नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरतो, म्हणून आईने तसली भांडी घरातूनच काढली.

पहिल्यांदा आम्ही पैसे वाचवायला बांबूच्या कामट्यांचा आडोसा केला. दोन संध्याकाळी टिकला. मकावची चोच कडक कवचाच्या बिया फोडण्यासाठी बनलेली, कामटी म्हणजे त्याला खाऊच. मासे पकडायचं नायलॉनचं जाळं तर अजिबात नको, धागे चावून पोटात जातात आणि बोटं अडकून पाय कापतो. वेल्ड केलेली जाळीच हवी, तार निदान तीन मिलिमीटर जाड आणि भोक एक इंचाचं. जुन्या पाडलेल्या घराची खिडकीची गजं भंगारात स्वस्त मिळतात पण दोन गजांमधलं अंतर जास्त असतं, त्यात मान अडकते, आणि जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, चोच लावणारा प्राणी आहे हा.

खरी मेहनत जाळीवरच घ्या, इथे कुणी घाई करू नका. स्टेनलेस स्टील सगळ्यात चांगलं पण महाग, म्हणून आम्ही जीआय जाळी घेतली. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा, आणि नव्या जाळीवर जस्ताचे बारीक थेंब आणि पांढरी पूड असते, पोपट चढताना चोचीने धरतो आणि ते पोटात जातं, त्यातून जस्ताची विषबाधा होते, पक्षी मलूल पडतो, उलट्या काढतो, विष्ठा पातळ हिरवी होते आणि वेळेत कळलं नाही तर जातो. म्हणून जाळी उभी करायच्या आधीच खळ्यात पसरून पांढऱ्या व्हिनेगरने वायर ब्रश मारून घासा, थेंब दिसले तर कानशीने काढा, भरपूर पाण्याने धुवा आणि कडक उन्हात ठेवा. आम्ही हे दोनदा केलं, पूर्ण रविवार गेला.

एक इंचाच्या भोकातून लहान उंदीर आत येतात, उंदरांमागे धामण येते, आणि उंदराच्या मुताने लेप्टोच्या तापाची भीती आपल्याला आहेच. त्यासाठी खालच्या तीन फुटांना बाहेरून अर्ध्या इंचाची दुसरी जाळी लावली, दोन्हींमध्ये दोन इंच जागा सोडून, म्हणजे बंड्याची चोच तिथवर पोचत नाही. वर कौलांखालीही जाळी हवीच, नाहीतर तो वासे पोखरेल आणि कौल सरकवून बाहेर पडेल.

दाराला साधी कडी पुरत नाही, तो एका दिवसात शिकतो. कुलूप लावा.

जमीन शेणाने सारवलेली नको. आपल्या पायांना छान वाटते पण पावसाळ्यात ओलावा धरते, बुरशी येते आणि बुरशीने पोपटाच्या छातीचा आजार होतो, तो बरा व्हायला फार अवघड. सिमेंटचा कोबा करा, थोडा उतार द्या, वर वर्तमानपत्र आणि ते रोज बदला. पेंढा किंवा भुसा नको, तेच कारण.

बसायला पेरूच्या फांद्या, दीड ते दोन इंच जाडीच्या आणि मुद्दाम वेगवेगळ्या, एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्यावर सतत बसून तळपायाला जखमा होतात. काजूची फांदी घेऊ नका, कण्हेर तर नाहीच, आणि आंब्याचा चीक खाजरा म्हणून मी तोही टाळते. खेळायला कोकणात काही विकत घ्यायची गरजच नाही! करवंट्या, नारळाचं सोडण, पोफळीच्या गळलेल्या विऱ्या (झावळीच्या बुडाची जाड सालं) टांगून द्या, फाडत बसतो दिवसभर. सुंभाने टांगा पण दोऱ्या विसकटल्या की लगेच कापा.

मे संपता संपता बाहेरून झापं किंवा ताडपत्री बांधायची, पण एक बाजू हवेसाठी मोकळी ठेवून. तौक्ते वादळाने मे २०२१ मध्ये काय केलं ते आपल्याला आठवतंय, म्हणून कुत्र्यासाठीचा तारेचा घडीचा पिंजरा माजघरात तयार ठेवलाय आणि बंड्याला त्यात खाऊ देऊन जायची सवय लावलीय, वादळाच्या रात्री ओढून कोंबावं लागू नये म्हणून.

खारी हवा जाळी खाते. दसऱ्याच्या आसपास ताडपत्री काढताना प्रत्येक सांधा हाताने चाचपा, गंजलेली तार वाकवून बघा, मोडली तर तेवढा तुकडा कापून नवा लावा, आणि तो नवा तुकडासुद्धा आधी व्हिनेगरने घासूनच.