चेनसॉ मॉडिफाय करायचा का? आधी हे बघा

पॉवर कमी पडतेय असं वाटलं की लगेच मशीन उघडायला देऊ नका, आधी चेनला कानस मारून नीट धार लावा, एअर फिल्टर साफ करा, आणि बार (ज्या पट्टीवर चेन फिरते ती) इंजिनच्या मानाने फार लांब तर नाही ना ते बघा, कारण बोथट चेन असेल तर कितीही ताकद वाढवा, लाकडातून बुकणीच निघणार. खरंच सांगतो, बऱ्याचदा इथेच काम होतं.

तरी कमीच वाटली तर सायलेन्सर थोडा मोकळा करणं सगळ्यात सोपं. पण एक्झॉस्ट मोकळा झाला की मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, म्हणून कार्ब्युरेटरचा हाय स्क्रू (फुल स्पीडला पेट्रोल किती जाईल ते ठरवणारा) परत सेट करावाच लागतो, नाहीतर पिस्टन गरम होऊन सीझ (जाम) होतो. स्पार्क अरेस्टरची जाळी मात्र काढू नका प्लीज, ठिणगीने सुकं गवत पेटतं.

पोर्टिंग म्हणजे सिलेंडरचे पोर्ट (मिक्श्चर आत यायची आणि धूर बाहेर जायची भोकं) घासून मोठे करणं, ते घासलेलं परत भरता येत नाही, त्यामुळे अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. वॉरंटी चालू असेल तर थांबा, आणि रोज जाड खोडंच कापायची असतील तर सरळ जास्त सीसीचं मशीन घ्या.