1911 ची चिनी क्रांती अभ्यासताना मी जिथे अडकले

एम.ए.च्या पहिल्या वर्षी अंतर्गत परीक्षेत प्रश्न आला: चीनमधल्या राजेशाहीच्या ऱ्हासातून क्रांती कशी घडली? मी सात पानं लिहिली, एकही सन चुकला नव्हता, आणि 20 पैकी 7 गुण मिळाले. मॅडमनी समासात लाल शाईने एवढंच विचारलं होतं, "मग 1842 मध्येच का नाही?"

त्या प्रश्नाने मला कित्येक दिवस झोपू दिलं नाही. तुम्हीही नुकताच हा पेपर घेतला असेल तर तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

अफूचं युद्ध, ते संपवणारा 1842 चा नानजिंगचा तह, तैपिंग बंड, 1895 चा जपानकडून पराभव, परदेशी लोकांविरुद्धचा बॉक्सर उठाव हे सगळं तुम्हाला येतंच. मी ते एकाखाली एक मांडलं आणि शेवटी लिहिलं, "अशा रीतीने दुबळी झालेली मांचू राजवट कोसळली." (मांचू म्हणजे ईशान्येकडून येऊन चीनवर राज्य करणारं घराणं.) हाच तो सापळा. बाजारातल्या बहुतेक गाइडमध्ये उत्तर याच वाक्यावर संपतं, म्हणून स्पष्टच सांगते: या पेपरसाठी गाइड घेऊ नका. सनावळ्या पाठ होतात आणि डोकं तिथेच थांबतं.

कारण दुबळेपणाच बघायचा तर 1850 नंतरची वर्षं कितीतरी वाईट होती. तैपिंग बंडखोरांनी 1853 मध्ये नानजिंग घेतलं आणि 11 वर्षं तिथे स्वतःची राजधानी चालवली. त्या यादवीत दोन कोटींहून अधिक माणसं गेली असं मानतात. 1860 मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा थेट बीजिंगमध्ये शिरल्या, उन्हाळी राजवाडा जाळला. तरी राजवट उभीच राहिली. तिला कोणी सावरलं, हे शोधा. झंग ग्वोफानसारख्या हान, म्हणजे बहुसंख्य चिनी समाजातल्या, अधिकाऱ्यांनी आपल्या प्रांतात फौजा उभ्या केल्या आणि बंड मोडलं. शाही परीक्षा उत्तीर्ण झालेला, गावात जमीन आणि शब्दाला वजन असलेला हा वर्ग सिंहासनामागे होता. 1911 मध्ये तोच वर्ग बाजूला झाला. तो कधी आणि का सुटला, एवढंच आपल्याला सांगायचं असतं.

आणि तो सुटला सुधारणांच्या काळात. इथे मी फार अडखळले, म्हणून जरा सावकाश सांगते. बॉक्सर प्रकरणानंतर 1901 च्या तहाने चीनवर 45 कोटी तैल (चांदी मोजायचं चिनी वजन) चांदीची भरपाई लादली, 39 वर्षांत फेडायची. त्यानंतर दरबाराने स्वतःच बदल सुरू केले. 1905 मध्ये तेराशे वर्षांची परीक्षापद्धत बंद झाली. विचार करा, जो मुलगा पुस्तकं घोकत दरबारी नोकरीची वाट बघत होता, त्याची वाटच संपली. हजारो मुलं जपानला शिकायला गेली, आणि त्याच वर्षी टोकियोत सन यत्-सेन यांच्या पुढाकाराने तोंगमेंगहुई ही क्रांतिकारी संघटना उभी राहिली. दरबाराने आधुनिक शिक्षण दिलेली 'नवी सेना' काढली, तिच्यात क्रांतिकारक शिरले. 1909 मध्ये प्रांतिक विधानसभा निवडल्या गेल्या, म्हणजे जमीनदार-व्यापाऱ्यांना एकत्र बसून दरबाराला जाब विचारायची जागा मिळाली. त्यांनी संसद मागितली. मे 1911 मध्ये त्यांना मंत्रिमंडळ मिळालं, त्यात 13 पैकी हान फक्त 4, आणि राजघराण्यातल्यांचा भरणा.

त्याच महिन्यात प्रांतांचे मुख्य रेल्वेमार्ग सरकारने ताब्यात घेतले आणि परदेशी बँकांकडून कर्ज काढलं. सिचुआन प्रांतात लोकांनी जमिनीच्या उत्पन्नातून सक्तीची वर्गणी भरून रेल्वेचे शेअर घेतले होते. ते चिडले, पण कसे, ते बघा. प्रांताची राजधानी चेंगडूच्या रस्त्यारस्त्यांत त्यांनी मंडप घातले आणि 1908 मध्ये वारलेल्या ग्वांगश्यू सम्राटाच्या नावाची पाटी मांडून उदबत्त्या लावल्या. रेल्वे खाजगी भागधारकांकडे राहील असं त्याच्या काळात मान्य झालं होतं ना! म्हणजे सप्टेंबरपर्यंत ही माणसं सम्राटाचंच नाव घेत होती. 7 सप्टेंबरला त्या पाट्या हातात धरून लोक सुभेदाराच्या कचेरीवर गेले, आणि सैनिकांनी गोळ्या झाडल्या. माझ्या सात पानांत यातलं एक अक्षरही नव्हतं.

पुढचं भराभर घडतं. सिचुआन शांत करायला हुबे प्रांतातली फौज हलवली, त्यामुळे तिथल्या वुचांग शहराची शिबंदी कमी झाली. 9 ऑक्टोबरला शेजारच्या हांकौमध्ये क्रांतिकारक बाँब तयार करताना स्फोट झाला, त्यांच्या सभासदांच्या याद्या पोलिसांच्या हाती लागल्या, आणि आता पकडले जाणारच म्हणून 10 तारखेच्या रात्री वुचांगमधल्या नव्या सेनेच्या सैनिकांनी उठाव केला. सन यत्-सेन तेव्हा अमेरिकेत होते, त्यांना बातमी वर्तमानपत्रातून कळली. त्यामुळे 'सन यत्-सेन यांनी क्रांती केली' असं एका ओळीत लिहू नका. एकामागून एक प्रांत स्वतंत्र झाल्याचं जाहीर करत गेले आणि बऱ्याच ठिकाणी त्या नव्या विधानसभांचे पुढारीच पुढे होते. 12 फेब्रुवारी 1912 ला सहा वर्षांच्या सम्राट पुयीच्या वतीने पदत्याग जाहीर झाला.

नावांनी घाबरून जाऊ नका. दरबार चालवणाऱ्या राजमातेची त्सिशी आणि त्झू-शी ही दोन नावं म्हणजे दोन वेगळ्या बायका आहेत असं मी महिनाभर समजत होते, कारण जुन्या आणि नव्या पुस्तकांत लिहिण्याची पद्धत वेगळी. पेकिंग-बीजिंग, नानकिंग-नानजिंग तसंच. मागच्या पानावर जोड्या लावा, आठवड्यात सवय होते. अफूचं युद्ध फार लांबचं वाटत असेल तर माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनला जायची, तिथून वाचायला लागा.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे. नोट्स देणाऱ्यापेक्षा समासात प्रश्न लिहिणारा शिक्षक शोधा. त्या मॅडमचा मला तेव्हा फार राग आला होता.

सत्राच्या शेवटी तोच प्रश्न फिरवून आला. मी सुरुवात चेंगडूच्या मंडपांपासून केली. अफूचं युद्ध तिसऱ्या पानावर आलं.